घोटे धरणारा

पूर्णेच्या रेल्वे मैदानावर गवत नाही.
काळी माती आहे, मे महिन्यात भेगाळलेली.
एका भेगेत आमची शिट्टी पडली
ती अजून तिथंच असेल.

तेव्हापासून सोनुले सर शिट्टीशिवाय शिकवायचे.
हाफपँटखाली, उजव्या मांडीच्या मागं
त्यांना एक खळगा होता,
बोट ठेवलं तर अर्धं आत जाईल एवढा.
परभणीची कुठलीशी फायनल, आम्ही जन्मायच्या आधीची.
"चऱ्हाट तुटतं ना, तसा आवाज.
मला वाटलं कुणी दगड मारला.
वळून पाहिलं, लेकहो,
मागं कुणीच नव्हतं."

म्हणून आम्ही गुडघ्यांवर.
खाली खताच्या पोत्याची घडी,
पाठ ताठ, हात छातीशी,
आणि पुढं झुकायचं
कमरेत न मोडता, अख्खं, दार उघडावं तसं,
हळू, अजून हळू.
पडणं थांबवायचं नाही, लांबवायचं.
शेवटी हात टेकतातच. सगळ्यांचे टेकतात.
"फुकटात पडू नको," एवढंच सर म्हणायचे.

मी राखीव गोलकीपर. माझं काम घोटे धरायचं.
संघात जागा नव्हती, पण बावीस टाचा पाठ होत्या.
वाजीदच्या चिरा.
प्रज्योतच्या डाव्या घोट्यावर
बापाच्या वेल्डिंगच्या ठिणगीचा डाग.
बालाजी घुगेचे घोटे घामानं निसटायचे,
त्याच्यासाठी मी आधी हातांना माती चोळायचो.

पहिल्या आठवड्यात कुणाला संडासात बसता येईना.
बालाजी स्टेशनच्या पुलाचा जिना उलटा उतरला,
लोक बघत राहिले.
सरांनी आकडा वाढवला नाही, कमीही केला नाही.
मंगळवार, शुक्रवार. पाच वेळा.
मग सहा.

"पाय पुढं फेकला की मागची शीर ताणते,
आणि नेमकं तेव्हाच तिनं पायाला आवरायचं असतं.
ताणलेलं असताना आवरणं.
ज्या शिरेला हे येत नाही, ती जाते."
वाजीद म्हणाला, "सर, हे शिरेचं चाललंय
का आमच्या अब्बांचं?"
सर हसले नाहीत. आम्ही हसलो.

एक गोष्ट फक्त माझ्या तळहातांना माहीत होती.
माणूस कोसळायच्या आधी त्याच्या टाचेत थरकाप येतो,
पाखरू धरल्यासारखा.
मे महिन्यात तो अर्ध्या वाटेवर यायचा.
जून संपता संपता
तो जमिनीपासून वीतभर वर आला,
मग चार बोटं.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
कुणी विचारलंही नाही.

नांदेडला सामना. शेवटची दहा मिनिटं.
लांब टाकलेल्या बॉलमागं वाजीद सुटला,
पूर्ण पाय टाकत, रेषेपर्यंत,
आणि रेषेवर एकदम थांबला.
बाकावर सरांनी डोळे मिटले, मान तिरपी केली.
ते काय ऐकतायत, मला माहीत होतं.

बॉल बाहेर गेला.
बाकी काही झालं नाही.

दोन-शून्यनं हरलो आम्ही.
पेपरात चार ओळी, त्यातही पूर्णेचं नाव चुकलेलं.
कुणाची शीर गेली नाही, हे कुठंच नव्हतं,
आणि असणार तरी कसं?

रात्रीच्या पॅसेंजरनं परतलो.
पोरं घरोघर गेली, सर पायऱ्यांशी थांबले.
"तुझे घोटे कुणी धरले रे आजवर?"
मी म्हणालो, "सर, मी तर बाकावरच..."
त्यांनी पिशवीतून पोतं काढलं.
फलाटाच्या टोकाला, जिथं दिवा अर्धाच लागतो,
मी गुडघे टेकले.
त्यांचे हात खरखरीत होते, आणि जड.
एक. दोन. तीन.
चौथ्याला माझ्याच टाचेत ते पाखरू हललं
आणि मी फरशीवर.

"चार," सर म्हणाले, पोतं झटकत.
"मंगळवारी पाच."